खोक्यातली सीडी आणि कॅमेऱ्यातलं घड्याळ

डिजिटल कॅमेऱ्याचा इतिहास बहुतेक वेळा मेगापिक्सेलच्या आकड्यांनी सांगितला जातो. एक मेगापिक्सेल कधी आला, पाच कधी आले, झूम किती पट वाढला, किंमत किती उतरली. हा इतिहास खोटा नाही, पण अपुरा आहे. १९९५ ते २०१० या काळात खिशात मावणारे जे कॅमेरे घराघरांत शिरले, त्यांनी टिपलेल्या फोटोंपैकी आज काय शिल्लक आहे, कोणता फोटो कधीचा हे कळतं की नाही, त्यातल्या माणसांची नावं कुठे उरली आहेत का, या प्रश्नांची उत्तरं मेगापिक्सेलमध्ये सापडत नाहीत. ती दोन दुर्लक्षित जागी सापडतात. एक म्हणजे कॅमेऱ्याच्या मेन्यूतलं ‘सेटअप’ नावाचं पान आणि दुसरी म्हणजे खोक्यात कॅमेऱ्याबरोबर मिळणारी सॉफ्टवेअरची सीडी. कंपन्यांनी मिरवली ती सीडी. तारीख, वेळ आणि फाइलींचे क्रमांक ठरवणाऱ्या सेटअपच्या पानाची जाहिरात कोणी केली नाही. माझं म्हणणं असं की कुटुंबांच्या आठवणी राखण्याचं काम त्या बिनजाहिरातीच्या पानानं आणि त्यामागच्या सामाईक नियमांनी केलं. सीडीनं ते केलं नाहीच, वर लोकांनी घेतलेल्या कष्टांचा मोठा भाग ती स्वतःबरोबर घेऊन बुडाली.

सुरुवातीला सॉफ्टवेअर हा कॅमेऱ्याचा अर्धा भागच होता. ॲपलनं कोडॅककडून बनवून घेतलेला आणि १९९४ साली ७४९ डॉलरला विकायला काढलेला क्विकटेक १०० घ्या. त्याला फोटो पाहायला पडदाच नव्हता. ६४० × ४८० आकाराचे आठ फोटो काढले की जागा संपायची. नको असलेला एखादाच फोटो पुसायची सोय नव्हती; पुसायचे तर सगळे. काय टिपलं गेलं हे बघायचं तर सीरियल केबलनं कॅमेरा मॅकला जोडायचा आणि क्विकटेकचा प्रोग्रॅम उघडायचा. फोटोही ॲपलच्या स्वतःच्या पद्धतीनं दाबून साठवलेले. मॅकवर ओएस टेन आली तेव्हा तो प्रोग्रॅम मागे राहिला आणि त्या मूळ फाइली सहजी उघडेनाशा झाल्या. आज त्या वाचायच्या तर जुन्या कॅमेऱ्यांच्या फाइली उलगडणारे खास प्रोग्रॅम शोधावे लागतात. ज्यांनी त्या काळीच फोटो नेहमीच्या स्वरूपात बदलून ठेवले त्यांचे वाचले, बाकीच्यांचे त्या प्रोग्रॅमच्या आयुष्याला बांधले गेले. पुढच्या पंधरा वर्षांत जे मोठ्या प्रमाणावर घडलं, त्याचा हा पहिला नमुना होता.

पुढच्याच वर्षी, १९९५ साली, कॅसिओचा क्यूव्ही-१० आला. किंमत ६५,००० येन, सेन्सर अडीच लाख पिक्सेलचा, चित्र अवघं ३२० × २४०. फोटो क्विकटेकपेक्षा लहान आणि धूसर, तरीही पुढच्या सगळ्या छोट्या कॅमेऱ्यांचा पूर्वज म्हणून मान मिळाला तो यालाच, कारण त्याच्या पाठीवर १.८ इंची रंगीत पडदा होता. काढलेला फोटो जागेवर बघता येई, नको असेल तर एकटा पुसता येई. कॅमेऱ्याला काही विचारायचं, काही सांगायचं तर आता संगणकाची मध्यस्थी लागेना. सेटअपचं पान पुढे ज्या पडद्यावर वाढलं, तो हाच. पण कॅसिओची मुक्ती अर्धीच होती. फोटो कंपनीच्या स्वतःच्या फाइलींत साठत आणि संगणकावर नेताना क्यूव्ही-लिंक हा कॅसिओचाच प्रोग्रॅम लागे. पाहण्यापुरतं स्वातंत्र्य मिळालं, जपण्यापुरतं नाही. जपण्याचं स्वातंत्र्य गिऱ्हाइकाला किती हवं होतं, ते १९९७ साली सोनीच्या फ्लॉपीवाल्या माव्हिकानं दाखवलं. अंगानं ते कॅमेरे बोजड आणि साधी साडेतीन इंची, १.४४ एमबीची फ्लॉपी पोटात घेणारे. एका फ्लॉपीत फोटो थोडेच मावत आणि प्रत्येक फोटो लिहायला काही सेकंद जात. तरी अमेरिकेत ते जोरात खपले. फ्लॉपी काढायची, कुठल्याही संगणकात घालायची, आत साध्या जेपेग फाइली. ना केबल, ना ड्रायव्हर. लोकांनी पैसे मोजले ते सॉफ्टवेअरपासून सुटका मिळावी म्हणून, असाच याचा अर्थ लावावा लागतो.

या मागणीला खरं उत्तर एका कंपनीनं दिलं नाही, सगळ्यांनी मिळून दिलं, आणि या इतिहासातली मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट हीच. जपानमधल्या जेईआयडीए या उद्योगसंस्थेनं १९९५ मध्ये एक्झिफचा पहिला मसुदा ठरवला आणि १९९८ मध्ये डीसीएफ नावाचा नियम. एक्झिफनं ठरवलं की फोटोच्या फाइलीतच तारीख, वेळ, कॅमेऱ्याचं नाव, शटरचा वेग, भिंगाचं छिद्र अशा नोंदी कुठे आणि कशा लिहायच्या. डीसीएफनं ठरवलं की कार्डावर फाइली कुठे आणि कोणत्या नावानं ठेवायच्या. कार्डाच्या मुळाशी ‘डीसीआयएम’ नावाचा फोल्डर. त्याच्या आत आठ अक्षरांच्या नावांचे फोल्डर, त्यातली पहिली तीन म्हणजे १०० ते ९९९ मधला एक आकडा, उरलेली पाच कंपनीच्या मर्जीची. त्या फोल्डरांत फोटो, ज्यांच्या नावात चार अक्षरं कंपनीची आणि पुढे ०००१ ते ९९९९ मधला क्रमांक. म्हणून कॅननचे फोटो ‘आयएमजी_’नं सुरू होतात, निकॉनच्या कूलपिक्सचे ‘डीएससीएन’नं, फुजीचे ‘डीएससीएफ’नं. ऑलिम्पसनं तर या चार अक्षरांत दिनांकच बसवला. ‘पी८१५’ म्हणजे १५ ऑगस्ट. ऑक्टोबर ते डिसेंबरचा आकडा एका घरात मावेना म्हणून त्या महिन्यांना ए, बी, सी ही अक्षरं. आठ अक्षरांचं हे बंधन डॉसच्या जमान्यापासून चालत आलेलं. याच कंपन्या त्या वर्षांत कार्डांवरून एकमेकींशी भांडत होत्या. कॉम्पॅक्टफ्लॅश आणि स्मार्टमीडिया आधीपासून होती, १९९८ मध्ये सोनीची मेमरी स्टिक आली, १९९९ मध्ये एसडी, २००२ मध्ये ऑलिम्पस आणि फुजीची एक्सडी. कार्डाच्या आकारावर एकमत होईना, पण कार्डाच्या आत काय आणि कसं लिहायचं यावर झालं. आज पंचवीस वर्षांपूर्वीचं कार्ड वाचणारं उपकरण मिळालं, तर आतले फोटो कोणत्याही संगणकावर उघडतात ते या एकमतामुळे.

सेटअपचं पान या नियमांचं वापरणाऱ्याच्या हातातलं टोक होतं. वरवर ते रटाळ: पडद्याची चमक, आवाज, किती मिनिटांनी आपोआप बंद व्हायचं, भाषा, तारीख आणि वेळ, कार्ड फॉरमॅट करणं, टीव्हीसाठी एनटीएससी की पाल. आपल्याकडचे टीव्ही पालवर चालणारे, त्यामुळे परदेशातून कुणी आणलेला एनटीएससीवर बसवलेला कॅमेरा टीव्हीला जोडला की चित्र रंगहीन दिसे किंवा गडगडे, आणि कॅमेरा बिघडला असा समज होई. मेन्यूत एक ओळ बदलली की काम भागायचं. पण त्या पानावरच्या दोन ओळींचं वजन याहून फार मोठं होतं. पहिली फाइल क्रमांकाची. कॅननच्या पॉवरशॉट कॅमेऱ्यांत तिला दोन पर्याय असत: क्रमांक पुढे चालू ठेवा, किंवा कार्ड बदललं की पुन्हा पहिल्यापासून सुरू करा. दुसरा पर्याय निवडणाऱ्याचा प्रत्येक समारंभ ‘आयएमजी_०००१’पासून सुरू होई. दिवाळीचे फोटो आणि सहलीचे फोटो संगणकावर एकाच फोल्डरमध्ये टाकले की संगणक विचारी, याच नावाची फाइल आहे, तिच्या जागी ही ठेवू का? घाईत ‘हो’ म्हटलं की दिवाळी गेली. दुसरी ओळ तारखेची. फोटोवरच नारिंगी अक्षरांत तारीख उमटवण्याची सवय लोकांना फिल्मच्या कॅमेऱ्यांनी लावली होती, म्हणून कॅननच्या ए मालिकेतल्या कॅमेऱ्यांत ‘पोस्टकार्ड’ नावाचा १६०० × १२०० चा आकार असे, आणि तो निवडला तरच तारीख चित्रावर छापता येई. ती एकदा छापली की निघत नाही. फाइलीच्या पोटातली एक्झिफची तारीख मात्र चित्राला धक्का न लावता राहते: वर्ष, महिना, दिवस, तास, मिनिट, सेकंद, सगळं मिळून १९ चिन्हं. संगणकावरचा किंवा फोनवरचा आजचा कोणताही प्रोग्रॅम जुने फोटो कालक्रमानं लावतो तो या १९ चिन्हांच्या भरवशावर.

आता सीडीकडे वळू. कॅनन झूमब्राउझर आणि चित्रं जोडून लांबट दृश्य बनवणारा फोटोस्टिच देई. ऑलिम्पसचा कॅमेडिया मास्टर, फुजीचा फाइनपिक्स व्ह्यूअर, पॅनासॉनिकचा फोटोफनस्टुडिओ, सोनीचा पिक्चर मोशन ब्राउझर. निकॉननं आधी निकॉन व्ह्यू दिला, मग पिक्चरप्रोजेक्ट, मग व्ह्यूएनएक्स. माहितीपुस्तिकेत ठळक चौकटीत बजावलेलं असे की केबल जोडण्याआधी सीडीवरचं सॉफ्टवेअर बसवा. बसवलं की कॅमेरा जोडताक्षणी तो प्रोग्रॅम उघडे, फोटो स्वतः ठरवलेल्या फोल्डरमध्ये नेई आणि अल्बम, तारांकन, शीर्षकं हे सगळं स्वतःच्या डेटाबेसमध्ये लिहून ठेवी. घरात दुसऱ्या कंपनीचा कॅमेरा आला की दुसरा प्रोग्रॅम, दुसरी रचना, दुसरा डेटाबेस. फोटो नियमानुसार सामाईक होते; फोटोंबद्दल माणसानं लिहिलेलं मात्र त्या त्या कंपनीचं झालं.

यावर पहिला आक्षेप असा येईल की सीडी नसती तर फोटो संगणकावर आलेच नसते. १९९८-९९च्या संदर्भात तो बरोबर आहे. विंडोज ९८ ला यूएसबीवरून जोडलेलं कार्ड ओळखता येत नसे. ड्रायव्हर लागे आणि तो सीडीवर असे. पण ही गरज फार काळ टिकली नाही. विंडोज २००० आणि विंडोज एमई यांना तो ड्रायव्हर बाहेरून द्यावा लागत नव्हता, आणि ऑक्टोबर २००१ मध्ये आलेल्या विंडोज एक्सपीत फोटो उतरवून घेणारी सोयही अंगचीच होती. जानेवारी २००२ मध्ये ॲपलचा आयफोटो आला. आपल्याकडे विंडोज ९८ ची यंत्रं त्यानंतरही बरीच वर्षं चालली हे खरं, पण आपल्याकडेच एक दुसरा रस्ताही पडला होता. कार्ड नेऊन गावातल्या फोटो लॅबमध्ये द्यायचं, तिथून प्रिंट काढायच्या आणि सगळे फोटो एका कोऱ्या सीडीवर ‘राइट’ करून आणायचे. लॅबवाल्याकडे कार्ड रीडर असे. कॅमेरा कोणत्या कंपनीचा हे विचारायची त्याला गरज नव्हती. डीसीआयएम फोल्डर उघडला की पुढचं सगळं ठरलेलं. कंपनीची सीडी ज्या घरात कधी खोक्याबाहेरही निघाली नाही, त्या घरातही फोटो व्यवस्थित उतरले.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. फोटो नुसते उतरवून भागत नाही, ते लावायचे, निवडायचे, त्यांना नावं द्यायची असतात, आणि ज्याला संगणकाची सवय नाही त्याला हे शिकवलं ते या प्रोग्रॅमांनी. हे मी मान्य करतो, आणि त्याचं सर्वांत चांगलं उदाहरण कोडॅकचं आहे. २००१ मध्ये कोडॅकनं ईझीशेअर ही मालिका आणली. कॅमेरा एका छोट्या बैठकीवर ठेवायचा, एक बटण दाबायचं, फोटो संगणकात. कॅमेऱ्यावरच ‘शेअर’चं बटण, ज्यानं हा फोटो छापायचा, हा ईमेलनं पाठवायचा अशी खूण आधीच करून ठेवता येई. कॅमेरा, प्रोग्रॅम आणि प्रिंट ही साखळी सामान्य माणसासाठी इतक्या नीट कोणी विचारपूर्वक जोडली नव्हती. त्याच वर्षी कोडॅकनं ओफोटो ही फोटो ठेवून घेणारी इंटरनेट सेवा विकत घेतली. तीच पुढे कोडॅक गॅलरी झाली. पण जानेवारी २०१२ मध्ये कोडॅकनं दिवाळखोरीचा अर्ज केला आणि त्याच वर्षी जुलैत गॅलरी बंद झाली. अमेरिका आणि कॅनडातल्या गिऱ्हाइकांचे फोटो शटरफ्लायकडे गेले, म्हणजे फोटो तरी वाचले. ज्या रचनेत लोकांनी ते मांडले होते ती रचना कंपनीबरोबर संपली. चांगला प्रोग्रॅम होता म्हणून हा दोष टळला नाही. प्रोग्रॅम जितका सोयीचा, तितकी माणसं त्यात अधिक कष्ट ओततात, आणि बुडतं तेही तितकंच अधिक.

हे टाळता आलं असतं का? आलं असतं, आणि म्हणूनच तक्रार करायला जागा आहे. एक्झिफमध्येच चित्राचं वर्णन आणि वापरणाऱ्याचा शेरा यांसाठी जागा राखलेल्या होत्या. वृत्तपत्रांचे छायाचित्रकार नव्वदच्या दशकापासून ओळी फाइलीतच लिहीत होते, आणि २००१ मध्ये ॲडोबीनं याच कामासाठी एक्सएमपी ही खुली पद्धतही आणली. गूगलनं २००४ मध्ये विकत घेऊन फुकट वाटलेला पिकासा फोटोखालची ओळ फाइलीच्या पोटातच लिही. २०१६ मध्ये पिकासा बंद झाला, पण त्यात लिहिलेल्या ओळी आजही दुसऱ्या प्रोग्रॅमांत वाचता येतात. आयफोटोनं उलट केलं; शीर्षकं त्याच्या स्वतःच्या संग्रहात राहिली आणि मूळ फाइल कोरी राहिली. तंत्र हाताशी होतं. नुसते फोटो कुणीही उचलून नेऊ शकतो, पण अल्बम आणि शीर्षकं अडकलेली असली की माणूस त्याच कंपनीकडे राहतो, हा हिशेब अनेक ठिकाणी त्याहून वरचढ ठरला असावा असं मला वाटतं.

सेटअपच्या पानाचं इतकं कौतुक केल्यावर त्याचा एक मोठा दोषही सांगायला हवा. ते पान काय दाखवायचं हेही कंपनीच ठरवी. २००६-०७च्या सुमारास काही प्रोग्रॅमरांनी कॅननच्या छोट्या कॅमेऱ्यांसाठी सीएचडीके नावाचं जोडसॉफ्टवेअर लिहायला घेतलं. ते कार्डावर ठेवायचं, एसडी कार्डाच्या कडेची लॉकची खिट्टी सरकवायची, की कॅमेरा सुरू होताना ते आपोआप चढे. कार्ड काढलं की कॅमेरा पूर्ववत. त्या स्वस्त कॅमेऱ्यांच्या मेन्यूत एकाएकी कच्च्या रॉ फाइली, प्रकाशाचा आलेख, ठरावीक वेळानं आपोआप फोटो, स्वतः लिहिलेल्या स्क्रिप्ट चालवण्याची सोय हे सगळं दिसू लागलं. पतंगाला कॅमेरा बांधून वरून फोटो घेणाऱ्यांनी आणि पुस्तकं स्कॅन करण्याची घरगुती यंत्रं बनवणाऱ्यांनी ते उचललं. यंत्रात क्षमता होती, फक्त तिचं दार मेन्यूत ठेवलेलं नव्हतं. सामान्य माणूस गोंधळू नये म्हणून ते ठेवलं नाही, असं कंपनीच्या बाजूनं म्हणता येईल, आणि त्यात तथ्य आहे. पण प्रगत पर्यायांचं वेगळं पान ठेवून दोन्ही साधलं असतं. महागड्या कॅमेऱ्यांत ते होतंच. भाषेच्या ओळीचंही तसंच. निकॉनच्या काही कूलपिक्स कॅमेऱ्यांच्या यादीत हिंदी, बंगाली, तमिळ, तेलुगूबरोबर मराठी आली ती २०१०च्या दशकात. तोवर ज्यांना तिचा उपयोग झाला असता, त्यांतल्या अनेकांनी तारखेचं पान न वाचताच पुढे ढकललं होतं. सीआयपीए या जपानी संस्थेच्या आकड्यांनुसार २०१० मध्ये जगभर १२ कोटींहून अधिक डिजिटल कॅमेरे रवाना झाले आणि २०२० मध्ये ९० लाखांहून कमी. मराठी मेन्यू आला तो ओहोटीच्या काळात.

इथेच शेवटचा आक्षेप उभा राहतो. ज्या घड्याळाला मी इतकं महत्त्व देतो ते लोकांनी लावलंच नसेल, तर त्या १९ चिन्हांना काय किंमत? पेन्सिल सेल बरेच दिवस बाहेर राहिले की कॅमेऱ्याचं घड्याळ पहिल्यावर येई, आणि पुष्कळ घरांत शेकडो फोटोंवर १ जानेवारी अशीच तारीख आहे. शिवाय एक्झिफच्या वेळेला देशच नव्हता. कॅमेरा मुंबईच्या वेळेवर की न्यू जर्सीच्या, हे लिहायची अधिकृत जागा २०१६ च्या २.३१ या आवृत्तीत आली. तरीही चुकीचं लावलेलं घड्याळ म्हणजे दहा मिनिटं पुढे असलेलं घरातलं घड्याळ. फरक कळला की वेळ कळते. घड्याळ चुकलेलं होतं, थांबलेलं नव्हतं. लग्नाच्या तीनशे फोटोंवर २००० सालची १ जानेवारी असेना का. पत्रिकेवरचा मुहूर्त आणि अक्षता पडतानाचा फोटो समोर ठेवून वजाबाकी केली की तेवढा फरक एक्झिफटूलसारखा फुकट प्रोग्रॅम तीनशेच्या तीनशे फाइलींना एका आज्ञेत लावतो. हळदीपासून बिदाईपर्यंतचा क्रम आणि मधली अंतरं शाबूत सापडतात. पंक्तीत तिसऱ्या पानावर बसलेल्या बाई कोण, हे कोणत्याही वजाबाकीनं निघत नाही. ते ज्या कुणी त्या वेळी टाइप करून ठेवलं होतं, त्यांचा जुना संगणक अजून माळ्यावर असेल आणि सुरू होत असेल, तर भंगारात देण्याआधी त्यातला कॅमेऱ्याबरोबरचा प्रोग्रॅम एकदा उघडावा आणि तिथली नावं फाइलींत किंवा निदान वहीत उतरवून घ्यावीत.